रेशन धान्य वाहतुकीचं टेंडर: दर कसा काढायचा, कागद कुठे अडतात

रेशनचं धान्य दर महिन्याला हलतंच, म्हणून ट्रकवाल्यासाठी हे काम नियमित. त्याचे दोन टप्पे: अन्न महामंडळाच्या डेपोतून तालुक्याच्या शासकीय गोदामात, आणि तिथून द्वारपोच योजनेत रास्त भाव दुकानापर्यंत. पहिल्या टप्प्याला दहा चाकी गाडी चालते. दुसऱ्याला गावच्या रस्त्यावर वळणारा टेम्पो लागतो. दोन्हींचा खर्च वेगळा, तरी अनेक जण एकच सरासरी दर टाकतात आणि दुसऱ्या टप्प्यात मार खातात.

निविदा राज्य शासनाच्या महाटेंडर्स पोर्टलवर निघते. क्लास ३ डिजिटल सही घेताना सही आणि एन्क्रिप्शन अशी दोन्ही प्रमाणपत्रं घ्या आणि मुदत तपासा. बयाणा रकमेचं (निविदेसोबत भरायची अनामत) एनईएफटी किंवा आरटीजीएस चलन पोर्टलवरूनच काढायचं. ते त्या एका निविदेपुरतं असतं. दुसऱ्या निविदेचं जुनं चलन वापरलं किंवा रकमेत रुपयाचाही फरक पडला तर पैसे परत येतात आणि मुदत निघून जाते. तीन दिवस आधी भरा. ‘उद्यम’ ही लघुउद्योगाची नोंदणी आहे म्हणून बयाणा माफ, असं गृहीत धरू नका; सूट निविदेत लिहिलेली असेल तरच.

तांत्रिक लिफाफ्यात, म्हणजे दराआधी उघडणाऱ्या कागदांच्या भागात, साधारणपणे आरसी, फिटनेस, परमिट, विमा, पीयूसी, पॅन, तीन वर्षांचे ताळेबंद, सीएचा उलाढाल दाखला (यूडीआयएन, म्हणजे दाखल्याची ऑनलाइन खातरजमा करायच्या क्रमांकासह), कामाचा अनुभव आणि काळ्या यादीत नसल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. गाड्या भाड्याच्या असतील तर मालकाचा करारनामा चालतो का, ते अटीत पाहा. सर्वांत जास्त घोळ तारखांचा होतो: भरताना वैध असलेला विमा लिफाफा उघडेपर्यंत संपलेला असतो. शुद्धिपत्रक आलं की सगळ्या अटी पुन्हा वाचा. शंका निविदापूर्व बैठकीत लेखी द्या. तोंडी उत्तराला किंमत नाही.

आता दर. समजा डेपो ते तालुका ६० किमी, गाडीत १८ टन, म्हणजे १८० क्विंटल, ५० किलोचे ३६० कट्टे. जाऊन-येऊन १२० किमीला भरलेली-रिकामी धरून लिटरला साडेचार किमी पडले, तर २७ लिटर डिझेल. ९० रुपये भावाने २,४३० रुपये, क्विंटलला साडेतेरा. पण हप्ता, चालक, विमा, टायर, देखभाल धरून गाडीचा दिवसाचा खर्च ६,००० असेल, तर रोज एक खेप झाली तरी क्विंटलला ३३ रुपये वर चढतात. डेपोच्या रांगेत थांबून एका खेपेला दोन दिवस लागले की तेच ६६. डिझेलपेक्षा थांबणं महाग! म्हणून दर काढण्याआधी महिनाअखेरीस डेपोवर जाऊन गाड्या किती तास उभ्या राहतात ते मोजा. या आकड्यात तुमच्या भागातला डिझेल भाव आणि तुमचा हप्ता घाला, नाहीतर हिशोब माझाच राहील, तुमचा नाही.

हमाली कोणी द्यायची हे अटीत शोधा. माथाडी मंडळाचा भाग असेल तर मजुरीवर लेव्हीही (मंडळाकडे भरायची जादा टक्केवारी) येते. ती तुमच्यावर असेल तर दरात धरा. डिझेल वाढलं तर दरवाढ मिळेल की नाही, अंतर कोणत्या रस्त्याने मोजणार, हेही तिथेच. जीएसटीचं एक लक्षात ठेवा: धान्य, डाळ, तांदूळ यांच्या वाहतुकीची जीटीए (मालवाहतूक एजन्सी) सेवा करमुक्त आहे. सवयीने कर मिळवून दर फुगवला तर एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराचा, दुसराच होतो.

दर पोर्टलवरच्या बीओक्यू (दरपत्रक) एक्सेलमध्येच भरा. फाइलचं नाव बदलू नका, ओळी वाढवू नका. शेवटी बिड ‘फ्रीझ’, म्हणजे पक्की सादर, झाल्याची पोच डाउनलोड करा. ती नसेल तर निविदा भरलेलीच नाही. मुदतीपर्यंत सुधारून पुन्हा भरता येते, पण एकदा मागे घेतली की त्या निविदेत परत जाता येत नाही. घड्याळ सर्व्हरचं धरतात, तुमचं नाही.

काम मिळाल्यावर सुरक्षा अनामत आणि करारनामा मुदतीत झाला नाही तर बयाणा जप्त होऊ शकतो. पुढची गळती तुटीत असते. डेपोच्या काट्यावर आणि तालुक्याच्या काट्यावर वजनात फरक पडला की निविदेतल्या दराने वसुली बिलातून होते. चालकाला दोन्ही ठिकाणची काटा पावती, फाटके-ओले कट्टे पावतीवरच लिहून घेणं आणि गोदामपालाची सही-शिक्क्याची पोच शिकवा. पोच रोज संध्याकाळी कार्यालयात जमा झाली पाहिजे, कारण देयकाला तीच जोडायची असते आणि एक हरवली तरी त्या खेपेचं भाडं अडकतं.