इंग्लिश कॅलिग्राफीतली (सुलेखनातली) शैली गॉथिक, इटॅलिक की कॉपरप्लेट, ओळखायचं कसं?
अक्षर किती सुंदर आहे वगैरे नंतर, आधी जाड-बारीक कुठे होतंय ते बघा. खाली येणारी रेघ जाड आणि वर जाणारी केसासारखी बारीक असेल तर ते कॉपरप्लेट, कारण त्यातली टोकदार लवचिक निब दाब दिला की फाकते, शिवाय अक्षरं बेसलाइनशी (अक्षरं जिच्यावर टेकतात ती आडवी रेघ) साधारण ५५ अंशात झुकलेली असतात. गॉथिक आणि इटॅलिक दोन्ही चपट्या निबचे, तिथे दाबाचा संबंध नाही, निब कुठल्या कोनात धरलीय त्यावर जाडी ठरते. गॉथिकमधला टेक्सचुरा हा प्रकार लांबूनच कळतो, उभ्या काड्यांचं कुंपणच, वर-खाली शंकरपाळ्यासारखे तुकडे. त्यात 'मिनिमम' लिहून बघा (रोमनमध्ये अर्थात, स्मॉल लेटर्स), एम कुठे संपला नि आय कुठे सुरू झाला पत्ताच लागत नाही, मी एकदा काड्या मोजत बसले, १५ भरल्या! इटॅलिक जरासंच तिरकं, आणि स्मॉल एनची कमान दांडीच्या बऱ्याच खालून फुटते, मला तरी हीच खूण सगळ्यात खात्रीची वाटते. आणि हो, आपल्या देवनागरीचा बोरू उलट्या तिरक्या कापाचा, त्यामुळे इंग्लिशवाली निब तशीच धरून 'क' काढलात तर जाडी भलत्याच जागी येते.