परदेशात प्रीपेड सिम कसं निवडावं: बडोदेकर प्रवाशांसाठी

मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने न्यू जर्सीला निघालेल्या आजी आणि पाच दिवस थायलंड बघायला निघालेलं जोडपं, या दोघांना एकच सिम सुचवता येत नाही. तरी अलकापुरी असो की मांजलपूर, पहिला प्रश्न ठरलेला असतो: “कुठल्या कंपनीचं घेऊ?” कंपनी शेवटी ठरते. त्याआधी भारताचा नंबर चालू कसा राहील, आपल्या फोनमध्ये काय बसतं आणि तिथे स्थानिक नंबर हवा आहे की नुसतं इंटरनेट, एवढं ठरवायला लागतं.

भारताचं सिम फोनमध्येच राहू द्या

पेन्शनचं खातं असो की म्युच्युअल फंड, ओटीपी भारताच्याच नंबरवर येतो. ते सिम काढून पाकिटात ठेवलं तर ओटीपी मिळत नाही, आणि यूपीआय ॲपही नोंदवलेलं सिम फोनमध्ये नसेल तर अडू शकतं. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी कंपनीच्या ॲपमधून आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या. तिथे पोहोचल्यावर ते चालू करताना बहुधा ओटीपीच मागतात आणि सगळं अडकतं. रिचार्जची मुदत परतीच्या तारखेच्या पुढे जाईल असा पॅक मारा. सहा महिन्यांसाठी ८४ दिवसांचा पॅक पुरणार नाही. वर्षाचा घ्या, नाहीतर मधला रिचार्ज कोण करणार ते घरात ठरवून ठेवा.

ओटीपीसारखे येणारे एसएमएस रोमिंगवर सहसा फुकट असतात. येणारा फोन उचलला तर मात्र रोमिंग पॅक नसताना मिनिटाला पैसे कापले जातात. तो वाजू द्यावा आणि व्हॉट्सॲपवरून उलट फोन करावा. कॉल फॉरवर्ड लावलेला असेल तर निघण्यापूर्वी ##००२# डायल करून सगळे फॉरवर्ड काढून टाका. व्हॉट्सॲपचा नंबर जुनाच राहू द्या. नवीन सिम घातल्यावर ॲप नंबर बदलायचा का असं विचारेल, तिथे नकार द्या.

फोन काय घेतो ते बघा

ट्रे बाहेर काढून पाहा. आपल्याकडच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनचा ट्रे हायब्रिड असतो, म्हणजे दुसऱ्या खाच्यात एक तर सिम बसतं, नाहीतर मेमरी कार्ड. परदेशात दुसरं सिम घालायचं म्हणून कार्ड काढलं की त्यातले फोटो आणि गाणी दिसेनाशी होतात आणि फोन बिघडला असं वाटतं. कार्डातलं सगळं आधीच दुसरीकडे उतरवून ठेवा. ट्रे उघडायची पिनही बरोबर घ्या, पण चेक-इनच्या बॅगेत टाकू नका.

ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्ये उतरवून घ्यायचं सिम, चालतं का हे बघायला *#०६# डायल करा. आयएमईआयबरोबर (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) ईआयडी नावाचा लांबलचक क्रमांक दिसला तर चालतं. मुलांनी अमेरिकेहून आणलेला आयफोन असेल तर जास्त काळजीने बघा: आयफोन १४ पासून (२०२२) अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या फोनला सिमचा ट्रेच नाही, त्यामुळे तिथे दुकानातलं प्लास्टिकचं सिम घेऊन उपयोग नाही. भारताचं सिम ई-सिममध्ये बदलायचं असेल तर ते निघायच्या आदल्या दिवशी करू नका. बदलानंतर सुमारे २४ तास त्या नंबरचे एसएमएस बंद राहतात, म्हणजे ओटीपीही बंद.

फोन कुठल्याही भारतीय कंपनीच्या सिमवर चालत असेल तर तो लॉक, म्हणजे एकाच कंपनीच्या सिमला बांधलेला, नाही असं समजायला हरकत नाही. प्रश्न येतो तो बँडचा, म्हणजे नेटवर्क ज्या लहरींवर चालतं त्यांचा. अमेरिकेत टी-मोबाइल कंपनीचं गावाकडचं बरंच कव्हरेज ६०० आणि ७०० मेगाहर्ट्झवर आहे, आणि भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक स्वस्त फोनमध्ये हे बँड नसतात. शहरात फोन छान चालतो आणि हायवेवर मुका होतो तो यामुळे. अमेरिकेत २०२२ मध्ये थ्रीजी बंद झालं, ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये. ऑस्ट्रेलियात तर फोरजीवरून ००० हा आपत्कालीन नंबर लावता येत नसेल तर असा फोन कंपन्यांनी नेटवर्कवर घ्यायचाच नाही, असा नियम आहे. आपला आयएमईआय टाकून फोन चालेल का हे पाहण्याची सोय बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर असते. पाच मिनिटांचं काम आहे, घरीच करून टाका.

कुठे काय घ्यावं

दोन-तीन दिवसांची कामाची फेरी असेल तर भारतीय कंपनीचा रोमिंग पॅक महाग वाटला तरी सोयीचा पडतो. त्यापुढे स्थानिक सिम किंवा प्रवासाचं ई-सिम बघावं. एअरालो, होलाफ्लाय यांसारख्या ॲपवर मिळणारी बहुतेक ई-सिम फक्त डेटा देतात, नंबर देत नाहीत. नकाशा, व्हॉट्सॲप आणि टॅक्सी एवढंच लागणार असेल आणि चार देश फिरायचे असतील तर तेवढं पुरतं. “अनलिमिटेड” लिहिलेलं असेल तर रोज किती जीबीनंतर वेग उतरतो आणि हॉटस्पॉट देता येतो का, हे आधी वाचा. नवरा-बायकोत एकच ई-सिम वापरायचं असेल तर हॉटस्पॉटवरच सगळं अवलंबून असतं.

थायलंडमध्ये सिमसाठी पासपोर्ट लागतो आणि विमानतळावरच एआयएस, ट्रू या कंपन्यांचे काउंटर असतात. आठ किंवा पंधरा दिवसांचे पर्यटक पॅक मिळतात. तिथे एकच गोष्ट विचारा: दिवस तारखेप्रमाणे मोजता की चोवीस तासांचा? तारखेप्रमाणे असेल आणि विमान रात्री अकराला उतरलं तर पहिला दिवस एका तासात संपतो.

दुबईत एतिसलात किंवा डूचं सिम घेतलंत तर व्हॉट्सॲपचे मेसेज जातात, पण व्हॉट्सॲपवरून फोन लागत नाही. घरी रोज बोलायचं असेल तर भारताची मिनिटं असलेला पॅक घ्या, किंवा तिथे अधिकृतपणे चालणारं बोटिम हे कॉलिंग ॲप दोन्हीकडच्या फोनवर टाकून ठेवा. जपानमध्ये पर्यटकांसाठीची बहुतेक सिम डेटापुरतीच असतात.

युरोपात एका देशाचं सिम युरोपियन युनियनच्या २७ देशांत जादा पैसे न देता चालतं, हा नियम जून २०१७ पासून आहे. पण स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही, आणि आपल्या सहलीत स्वित्झर्लंड असतंच. ब्रिटनही आता नाही. पॅरिसमध्ये सिम घेताना पाकिटावर स्वित्झर्लंडचं नाव आहे का ते पाहूनच पैसे द्या. शिवाय पाकिटावरच्या सगळ्या जीबी दुसऱ्या देशात मिळतीलच असं नाही. रोमिंगचा आकडा वेगळा छापलेला असतो.

युरोपातल्या सिमची आणखी एक अडचण म्हणजे पिन. बऱ्याच सिमला कंपनीनेच चार आकडी पिन घातलेला असतो आणि फोन बंद करून चालू केला की तो विचारला जातो. आपल्याकडे ही सवय नाही, म्हणून माणसं फोनच्या लॉकचा पिन टाकतात. तीनदा चुकलं की सिम पीयूके, म्हणजे कुलूप उघडायचा दुसरा कोड, मागतं, आणि तोही दहा वेळा चुकला की सिम कायमचं बाद. पिन आणि पीयूके दोन्ही, ज्या मोठ्या प्लास्टिक कार्डातून सिम तोडून काढतात त्याच कार्डावर छापलेले असतात. ते कार्ड दुकानातल्या टोपलीत न टाकता त्याचा फोटो काढून ठेवा.

अमेरिकेच्या लांब मुक्कामाला स्थानिक नंबर घ्यावाच. डॉक्टर, औषधाचं दुकान, नातवाची शाळा, सगळे तिथलाच नंबर मागतात. घरातली मंडळी ज्या नेटवर्कवर आहेत तेच निवडा, कारण त्या घराच्या तळघरात आणि स्वयंपाकघरात रेंज येते की नाही हे त्यांना ठाऊक असतं. मिंटसारख्या छोट्या कंपन्या टी-मोबाइलचंच नेटवर्क वापरतात आणि तीन, सहा, बारा महिन्यांचे पैसे एकदम घेऊन स्वस्तात देतात. दाखवलेल्या किमतीत कर धरलेला नसतो. भारतीय कार्डाने पैसे भरायचे असतील तर बँकेच्या ॲपमधून त्यावरचा परदेशी ऑनलाइन व्यवहार आधी चालू करा.

घेतल्यावर

काउंटर सोडण्याआधी वायफाय बंद करून एक पान उघडा आणि एक फोन लावून बघा. इंटरनेट चालत नसेल तर बहुधा एपीएन, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटला जोडणारं सेटिंग, चुकलेलं असतं. ते दुकानदाराकडूनच भरून घ्या. सेटिंगमध्ये डेटासाठी नवं सिम निवडा आणि भारताच्या सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवा. प्रवासाच्या ई-सिमचं डेटा रोमिंग मात्र चालू करावं लागतं, ते केलं नाही म्हणून “ई-सिम चालत नाही” अशी तक्रार होते. आयफोनवर सेल्युलर डेटा आपोआप बदलण्याचा पर्यायही बंद करा, नाहीतर नवं नेटवर्क अशक्त झालं की फोन गुपचूप भारताचा डेटा वापरतो.

ई-सिम घरच्या वायफायवर टाकून घ्या, पण लाइन तिथे उतरल्यावरच चालू करा. मात्र काहींची मुदत टाकल्याक्षणी सुरू होते, ते आधी वाचा. ई-सिम टाकायला मिळणारा क्यूआर कोड बहुतेक वेळा एकदाच चालतो, त्यामुळे अडचण आली म्हणून ई-सिम डिलीट करू नका. फोन बंद-चालू करून बघा.

विमानात फ्लाइट मोड ठेवाच. काही विमानांत आणि क्रूझवर स्वतःचं उपग्रहावरचं नेटवर्क असतं. भारताचं रोमिंग चालू असलेलं सिम ते पकडतं, आणि साध्या रोमिंग पॅकमध्ये ते बहुधा धरलेलं नसतं.

डेटा खातो तो व्हिडिओ कॉल. तासाला अंदाजे पाव ते अर्धा जीबी धरा. नकाशाला फार लागत नाही. फोटोंचा बॅकअप फक्त वायफायवर ठेवा, दिवसभराचे व्हिडिओ वर चढायला लागले की आठवड्याचा पॅक संध्याकाळपर्यंत संपतो.

परतताना ऑटो-रिन्यूअल, म्हणजे आपोआप होणारं रिचार्ज, बंद करा, नाहीतर मुलीच्या कार्डातून दर महिन्याला पैसे जात राहतात. तिथल्या नंबरावर उबरचं किंवा आणखी कुठलं खातं उघडलं असेल तर ते भारताच्या नंबरावर आणा. सोडलेला नंबर काही काळाने कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देते, आणि मग त्या खात्याचे ओटीपी त्याच्याकडे जातात.