व्हँकुव्हर डाउनटाउनमध्ये काँडो घेताय? व्ह्यू नंतर बघा, आधी मीटिंगचे मिनिट्स वाचा

व्हँकुव्हरच्या डाउनटाउनमध्ये काँडो, म्हणजे मालकीचा फ्लॅट, बघायला गेलात की एजंट पहिल्यांदा बाल्कनीतच नेणार, समोर पाणी, पलीकडे नॉर्थ शोअरचे डोंगर, खाली बोटी, आणि आपण तिथेच विरघळतो. बाथरूमचा नळ उघडून बघायचं पण लक्षात राहत नाही. तर पहिलं म्हणजे तो व्ह्यू तुमच्या मालकीचा नसतो. सिटीने, म्हणजे इथल्या महापालिकेने, १९८९ पासून डोंगर दिसण्याचे काही पट्टे राखून ठेवलेत, त्यांना व्ह्यू कोन म्हणतात, पण ते बागा, रस्ते, पूल अशा सार्वजनिक जागांवरून दिसण्यासाठी आहेत, तुमच्या सोफ्यावरून नाही, आणि २०२४ मध्ये त्यातलेही काही ढिले केले. त्यामुळे समोर मोकळा पार्किंग लॉट किंवा दोन मजली जुनं दुकान दिसलं की तिथे उद्या टॉवर येणार असंच धरून चाला. सिटीच्या 'शेप युअर सिटी' साइटवर रीझोनिंगचे, म्हणजे जागेवर काय आणि किती उंच बांधायचं ते बदलण्याचे, अर्ज असतात, त्यात आसपासचे पत्ते बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

आता खरा मुद्दा. इथे काँडोच्या संस्थेला स्ट्राटा म्हणतात, आपली सोसायटी समजा, पण कागदपत्रांच्या बाबतीत फार कडक. भिंतीच्या आतली जागा तुमची, बाकी छत, पाइप, लिफ्ट, बाहेरची भिंत, लॉबी सगळं सगळ्यांचं, आणि त्याचा खर्चही सगळ्यांचाच. म्हणजे तुम्ही फ्लॅट घेत नाही, अख्ख्या बिल्डिंगच्या दुखण्यात हिस्सा घेताय. म्हणून फॉर्म बी मागवायचा (त्यात मेंटेनन्स किती, काही थकलंय का, रिझर्व फंडात किती पैसे, कोर्टकचेरी चालू आहे का हे येतं), सोबत डेप्रिसिएशन रिपोर्ट (बिल्डिंगचं काय कधी बदलावं लागेल आणि खर्च किती, याचा अंदाज), आणि गेल्या किमान दोन वर्षांचे मीटिंगचे मिनिट्स, म्हणजे इतिवृत्त. हे मिनिट्स भयंकर कंटाळवाणे असतात, तरी वाचाच, बिल्डिंगचं खरं तोंड तिथेच दिसतं. एकाच फ्लॅटच्या गळतीचा विषय मीटिंगमागून मीटिंग येतोय का? लिफ्टचं 'मॉडर्नायझेशन' पुढे ढकलतायत का? 'पिनहोल लीक' आणि 'रीपायपिंग' हे शब्द शोधा, कारण इथलं पाणी डोंगरावरून आलेलं, खूप सॉफ्ट, तांब्याच्या जुन्या पाइपांना बारीक भोकं पडतात, आणि पूर्ण बिल्डिंगचे पाइप बदलायचे म्हणजे प्रत्येकाच्या घरातली भिंत फोडायची आणि बिल प्रत्येकाच्या नावावर.

मेंटेनन्स कमी आहे म्हणून खूष होऊ नका. बरेचदा त्याचा अर्थ इतकाच की मालकांनी वर्षानुवर्षं पैसे वाढवायला नकार दिलाय आणि काम साठलंय. नोव्हेंबर २०२३ पासून वार्षिक ऑपरेटिंग बजेटच्या किमान १० टक्के रिझर्व फंडात टाकणं बंधनकारक आहे, पण जुन्या बिल्डिंगला १० टक्क्यांनी काय होणार. फंड पुरला नाही की स्पेशल लेव्ही येते, म्हणजे मीटिंगमध्ये तीन चतुर्थांश मतांनी ठराव पास झाला की तुमच्या हिश्श्याची रक्कम भरा, तुम्ही विरोधात मत दिलं असलं तरी. माझ्या मते मेंटेनन्स थोडा जास्त आणि फंड भरलेला, अशी बिल्डिंग केव्हाही परवडली.

जुन्या बिल्डिंगबद्दल अजून एक गोष्ट माहीत पाहिजे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून नव्वदच्या दशकात इथे बांधलेल्या हजारो काँडोंच्या भिंतीत पाणी शिरलं, छप्पर भिंतीच्या पुढे आलेलं नाही, बाहेरून स्टुकोचं प्लास्टर, आणि आत गेलेल्या पावसाला बाहेर यायला वाट नाही, लाकूड आतल्या आत कुजत गेलं. लोकांची आयुष्यभराची बचत दुरुस्तीत गेली, १९९८ मध्ये सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्यानंतर रेनस्क्रीन भिंती (आत शिरलेलं पाणी निथळून जायला मागे फट ठेवलेल्या) आल्या आणि नवीन घराला सक्तीची २-५-१० वॉरंटी आली, दोन वर्षं काम आणि मटेरियलची, पाच वर्षं बाहेरच्या आवरणाची, दहा वर्षं स्ट्रक्चरची. त्या काळातली बिल्डिंग असेल तर 'रेनस्क्रीन झालंय का, कधी, आणि वॉरंटी किती उरली' हे थेट विचारायचं. लाजायचं काय त्यात.

आणि हो, फॉल्स क्रीक खाडीच्या दक्षिण काठावर काही फ्लॅट विचित्र स्वस्त दिसतात, ते बहुतेक सिटीच्या जमिनीवर लीजने असतात. लीज संपायला किती वर्षं राहिली हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. सही करून बसलात आणि मन बदललं तर २०२३ पासून तीन कामकाजाचे दिवस मिळतात माघार घ्यायला, पण किमतीच्या पाव टक्का सोडावा लागतो, म्हणजे दहा लाखांच्या घराला २,५०० डॉलर.

पाण्याबद्दल अजून थोडं, कारण काँडोत सगळ्यात महाग पडणारी गोष्ट आग नाही, पाणी. तुमच्या वॉशिंग मशीनची नळी फुटली आणि पाणी खालच्या चार मजल्यांत गेलं तर दुरुस्ती स्ट्राटाच्या इन्शुरन्समधून होते, पण त्या पॉलिसीचं वॉटर डॅमेजचं डिडक्टिबल (इन्शुरन्स कंपनी देण्याआधी स्वतः भरायची रक्कम) २५,००० पासून १,००,००० डॉलरपर्यंत किंवा त्याच्याही वर असू शकतं, आणि पाणी तुमच्या घरातून निघालं असेल तर ती रक्कम स्ट्राटा तुमच्याकडून वसूल करू शकते, तुमचा काही निष्काळजीपणा नसला तरीसुद्धा. म्हणून स्वतःची काँडो पॉलिसी घ्यायचीच आणि त्यात 'डिडक्टिबल असेसमेंट'ची रक्कम स्ट्राटाच्या डिडक्टिबलइतकी आहे का ते दरवर्षी तपासायचं, कारण स्ट्राटाचा आकडा रिन्यूअलला बदलतो आणि आपला तिथेच राहतो. आधीच्या मालकाने घातलेलं महागडं फ्लोअरिंग स्ट्राटाच्या पॉलिसीत येत नाही, ते पण आपल्या पॉलिसीत टाकून घ्या. राहायला गेलात त्याच दिवशी मेन व्हॉल्व्ह कुठे आहे ते शोधा, बहुतेक कपाटात किंवा लाँड्रीच्या कोपऱ्यात असतो, एकदा फिरवून बघा की फिरतोय का नाही. वॉशिंग मशीनच्या काळ्या रबरी नळ्या काढून स्टीलच्या जाळीवाल्या लावा, आणि मशीन लावून बाहेर फिरायला जाऊ नका.

भाड्याने राहणार असाल तर यातलं निम्मं डोकं मालकाचं. तुम्ही फक्त डिपॉझिट अर्ध्या महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त देऊ नका, फॉर्म के (भाडेकरूने स्ट्राटाचे नियम पाळायचे, असा कागद) यावर सही करताना बिल्डिंगचे बायलॉज, म्हणजे नियम, मागून घ्या, आणि टेनंट इन्शुरन्स काढा. पूर्वी स्ट्राटा भाडेकरूच नको म्हणू शकायची, ते नोव्हेंबर २०२२ पासून बंद झालं. पण रोजच्या हिशोबाने पाहुण्यांना फ्लॅट देण्यावर बंदी घालता येते आणि त्याला दिवसाला १,००० डॉलरपर्यंत दंड आहे, सुट्टीला गावाला जाताना घर 'लावून जाऊ' असला विचार असेल तर बायलॉज आधी बघा.

रोजचं राहणं सोपं आहे, काही खाचाखोचा सोडल्या तर. सामान आणायच्या दिवशी लिफ्ट आधी बुक करावी लागते, बरेच ठिकाणी मूव्ह-इन फी असते, आणि वेळ संपली की लिफ्ट जाते, ट्रक रस्त्यावर आणि सोफा लॉबीत. गॅरेजमध्ये गाडी घातली की गेट पूर्ण बंद होईपर्यंत तिथेच थांबायचं, मागून कोणीतरी चालत आत येतो आणि लॉकरमधल्या सायकली जातात. खिडक्या लहान मुलांच्या सेफ्टीसाठी बरेचदा जेमतेम चार इंच उघडतात, त्यामुळे फोडणी देताना चिमणी आधीच सुरू करा. धूर झाला तर सगळ्यात चुकीचं काम म्हणजे कॉरिडॉरचं दार उघडणं. घरातला अलार्म शक्यतो घरातल्या घरात ओरडतो, पण धूर कॉरिडॉरच्या डिटेक्टरला लागला की अख्खी बिल्डिंग जिन्याने खाली, फायर ब्रिगेड दारात, आणि मोहरी कोणाची जळली हे पुढचं वर्षभर लिफ्टमध्ये निघत राहणार. दार बंद ठेवा, बाल्कनी उघडा. उष्टंखरकटं कचऱ्यात टाकायला २०१५ पासून मनाई आहे, ते हिरव्या डब्यात. बायलॉज मोडले तर एका वेळेला २०० डॉलरपर्यंत दंड होतो, पण त्याआधी लेखी तक्रार कळवून तुम्हाला उत्तर द्यायची संधी द्यावी लागते, ती न देता दंड लावला तर मुकाट भरू नका, सिव्हिल रिझोल्यूशन ट्रिब्युनलकडे ऑनलाइन दाद मागता येते, वकील लागत नाही.

आवाजाचं गणित गल्लीवर आहे. ग्रॅनव्हिल स्ट्रीटजवळ शुक्रवार-शनिवारी रात्री क्लब सुटल्यावरचा गोंधळ, स्टेडियमजवळ मॅचच्या दिवशी गर्दी, कोल हार्बरला सकाळपासून सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारी विमानं (ती अंधारात उडत नाहीत, तेवढीच सुटका). वेस्ट एंडच्या आतल्या गल्ल्या झाडांच्या आणि शांत, मला विचाराल तर राहायला तोच भाग, इमारती जुन्या असल्या तरी. फ्लॅट एकदा रात्री अकराला खाली उभं राहून बघा. आणि पश्चिमेला तोंड असलेला काचेचा फ्लॅट असेल तर जुलैतल्या संध्याकाळी आत थांबून बघा, भट्टी असते. जून २०२१ च्या उष्णतेच्या लाटेत या प्रांतात, ब्रिटिश कोलंबियात, ६१९ माणसं गेली, जवळजवळ सगळी घराच्या आत. एसी बसवायला स्ट्राटाची परवानगी लागते आणि ती चुटकीसरशी मिळत नाही, उन्हाळ्याची वाट न बघता हिवाळ्यातच अर्ज टाका.

गाडी ठेवायची की नाही हा प्रश्न सगळेच विचारतात. दोघंही डाउनटाउनमध्येच कामाला असाल तर नका ठेवू. साठच्या दशकात फ्रीवे आणायचा घाट होता, स्ट्रॅथकोना आणि चायनाटाउनच्या लोकांनी तो हाणून पाडला, म्हणून आज हे चालण्याजोगं उरलंय. कॅनडा लाइन या मेट्रोने एअरपोर्ट साधारण पंचवीस मिनिटं, सीबस या फेरीबोटीने बारा-एक मिनिटांत पलीकडे नॉर्थ व्हँकुव्हरच्या 'लॉन्सडेल की' धक्क्यावर, बसमधून उतरून सीबस पकडली तरी ९० मिनिटांत तेच कॉम्पस कार्ड (इथलं बस-मेट्रोचं कार्ड) त्याच तिकिटावर चालतं. ग्रॅनव्हिल आयलंडला जाणाऱ्या छोट्या फेरीबोटींना मात्र ते चालत नाही, त्यांचं तिकीट वेगळं. कधीमधी गाडी लागलीच तर इव्हो आहे, मोडो आहे, या कार-शेअरच्या गाड्या थोड्या वेळापुरत्या घेता येतात. पाण्याकाठची वाट कन्व्हेन्शन सेंटरपासून स्पॅनिश बँक्सपर्यंत २८ किलोमीटर सलग आहे, स्टॅनली पार्कच्या भागात सायकली एकाच दिशेने जातात, चालणाऱ्यांनी आपली लेन सोडून फोटो काढत उभं राहू नये, शिव्या बसतात. गाडी ठेवणारच असाल तर पार्किंगची जागा तुमच्या नावावर आहे, का फक्त वापरायला दिलीय, हे स्ट्राटाच्या कागदांवर बघा, एजंटच्या तोंडी शब्दावर नाही.

शेवटचं एक सरकारी काम, मालक असाल तर. घर रिकामं नाही हे दरवर्षी जाहीर करावं लागतं, फेब्रुवारीच्या सुरुवातीला सिटीकडे आणि ३१ मार्चपर्यंत प्रांताकडे, दोन वेगळे फॉर्म आहेत, एक भरला म्हणजे दुसरा झाला असं नाही. तुम्ही रोज त्याच घरात झोपत असलात तरी फॉर्म भरायचा. सिटीचा राहून गेला तर घर रिकामं धरतात आणि घराच्या सरकारी किमतीच्या ३ टक्के बिल पाठवतात. जानेवारीतच फोनवर रिमाइंडर लावून टाका.