एफएम केंद्राचा खरा मालक कसा शोधावा

'गोमन्तक' हे दैनिक चौगुले या उद्योजक घराण्याने १९६२ मध्ये सुरू केले आणि 'नवप्रभा' हे दैनिक धेंपे या उद्योजक घराण्याचे, हे गोव्यातील जुन्या वाचकाला सांगावे लागत नाही. खासगी एफएम केंद्राबाबत मात्र श्रोता निवेदकाचा आवाज ओळखतो, मालकाचे नाव त्याला क्वचितच ठाऊक असते.

शोधाची सुरुवात परवानाधारक कंपनीपासून करावी, कारण केंद्राचे नाव ही केवळ पाटी असते. परवानगी केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालय कंपनीला देते. खासगी एफएम विस्ताराच्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणानुसार या परवानगीची मुदत १५ वर्षांची असते. कंपनीचे नाव कळल्यावर कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून तिचे वार्षिक विवरणपत्र, म्हणजे एमजीटी-७, पाहावे. त्यातील मोठा भागधारक दुसरी कंपनीच निघाली, तर तिचेही विवरणपत्र काढावे आणि माणसाचे नाव हाती लागेपर्यंत साखळी सोडू नये. 'मिरची' ही एफएम केंद्रे चालवणाऱ्या कंपनीसारखी ती शेअर बाजारात सूचीबद्ध असेल, तर काम सोपे होते, कारण भागधारणेचा तक्ता दर तिमाहीला जाहीर होतो. माझ्या मते खरा ऐवज संचालकांच्या इतर कंपन्यांत असतो: खाण, बांधकाम, हॉटेल यांपैकी कोणता धंदा त्याच नावांवर आहे, हे तेथे दिसते.

खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या बदल न करता सहक्षेपित करण्याची मुभा तेवढी आहे. त्यामुळे मालकाचा कल दडपलेल्या बातमीत शोधण्यापेक्षा प्रायोजित गप्पांत, निवडलेल्या पाहुण्यांत आणि जाहिरातींत शोधावा. किमान महिनाभराचे प्रसारण ध्वनिमुद्रित करून तारीख-वेळेसह नोंदवावे.

सरकारी जाहिरातींसाठी पणजीच्या माहिती व प्रसिद्धी खात्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करावा. "याच केंद्राला का?" असे विचारू नये, खात्याने कागद द्यायचे असतात, कारणमीमांसा नव्हे. अमुक वर्षातील जाहिरात-आदेशांच्या व देयकांच्या प्रती केंद्रनिहाय मागाव्यात. ३० दिवसांत उत्तर न आल्यास पुढील ३० दिवसांत पहिले अपील करता येते.

प्रसिद्धीपूर्वी कंपनीला लेखी प्रश्न पाठवून उत्तरासाठी पुरेसा अवधी द्यावा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी हा गुन्हा आहे, म्हणून पाठवल्याचा पुरावा जपावा. आणि मालकीविषयीच्या प्रत्येक वाक्यात विवरणपत्राची तारीख लिहावी, कारण विवरणपत्रात ३१ मार्चची स्थिती असते आणि त्या दिवशी ज्याच्या नावावर भाग (शेअर) होते, त्याने ते नंतर विकलेले असू शकतात.