समोरून येणारा वाघ: चौकट आधीच ठरवा

ताडोब्याच्या मातीच्या वाटेवरून वाघ थेट जिप्सीकडे चालत येऊ लागला की नवीन छायाचित्रकार तो आणखी जवळ येण्याची वाट पाहत बसतात. चेहऱ्याने चौकट भरली की फोटो झाला, अशी समजूत असते. प्रत्यक्षात समोरून येणाऱ्या जनावराच्या उत्तम चौकटी ४० ते २० मीटरच्या पट्ट्यात मिळतात, आणि चालता वाघ हा पट्टा पंधरा-वीस सेकंदांत पार करतो. म्हणून काय टिपायचं हे तो ६०-७० मीटरवर दिसला तेव्हाच ठरलेलं हवं.

थोडं गणित पाठ करून ठेवा. फुल-फ्रेम कॅमेरा (३६ × २४ मिमी सेन्सरचा) आणि ४०० मिमी लेन्स असेल, तर २० मीटरवर आडव्या चौकटीत १.८ मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच एवढीच जागा मावते. वाघाची खांद्यापाशी उंची एक मीटरच्या आसपास. म्हणजे तो चौकटीला वरखाली जवळजवळ टेकतो आणि पंजांखाली जमीन उरत नाही. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे त्याहून लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, हीच अवस्था ३० मीटरवर येते. समोरून येणारं जनावर अरुंद आणि उंच दिसतं, त्यामुळे कॅमेरा उभा धरा. उभ्या चौकटीत २० मीटरपर्यंत पूर्ण वाघ, खाली वाट आणि वर सागाची-बांबूची सावली असं सगळं बसतं. व्याघ्र प्रकल्पांसाठीच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर अंतर सांगितलं आहे. तुमची चांगली चौकट नियमाच्या आतच संपते, हे लक्षात ठेवलं तर चालकाला ‘अजून पुढे घ्या’ म्हणण्याचं काही कारण उरत नाही.

दूरवरून टिपण्याचं आणखी एक कारण म्हणजे कोन. जिप्सीच्या मागच्या सीटवर बसून कॅमेरा वाघाच्या डोळ्यांपेक्षा साधारण १.२ मीटर उंच असेल, तर १० मीटरवर तुम्ही त्याच्याकडे सुमारे सात अंशांनी वरून पाहता. कपाळ मोठं आणि पाय आखूड दिसतात. ४० मीटरवर तोच फरक दोन अंशांहूनही कमी होतो आणि फोटो जवळपास नजरेला नजर भिडवून काढल्यासारखा येतो. उभं राहून फोटो काढण्याचा मोह इथेच सोडून द्या. खाली बसा, बीनबॅग (लेन्सला आधार देणारी कापडी पिशवी) गाडीच्या दांडीवर टेकवा. ती रिकामी न्यावी आणि मुक्कामी पोहोचल्यावर दोन-तीन किलो तांदूळ किंवा मूग भरावेत.

फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढा भाग धारदार येतो तो पट्टा, जनावर जवळ येईल तशी अंतराच्या वर्गाने घटते. ४०० मिमी आणि एफ ५.६ छिद्राला (अॅपर्चर; आकडा मोठा तितकं छिद्र लहान आणि खोली जास्त) २० मीटरवर साधारण ८४ सेंटिमीटर खोली मिळते, १० मीटरवर फक्त २१. तिथे डोळ्यांवर फोकस असला तरी नाक मऊ येतं, आणि सरळ चेहऱ्यात मऊ नाक लगेच खुपतं. वाघ जवळ आलाच तर एफ ८ वर जा. मागचं धड धूसर झालं तरी चालतं. फोकस सतत मोडवर ठेवा, म्हणजे चालत्या जनावरामागे तो बदलत राहतो. वाटेवर गवताच्या काड्या असतील तर प्राण्याचे डोळे ओळखणारी प्रणालीसुद्धा काडीवर अडकते, तेव्हा एका बटनावर फोकसचा छोटा एकेरी बिंदू लावून ठेवावा.

आता चालीकडे बघा, कारण फोटोचा जीव तिथे आहे. चारही पंजे जमिनीवर असलेला समोरचा वाघ खांबासारखा ठोकळ दिसतो. पुढचा एक पंजा उचललेला, मनगटातून दुमडलेला, त्या बाजूचा खांदा खाली उतरलेला आणि डोकं खांद्यांच्या रेषेखाली असेल, तर तो चालतोय हे स्थिर चित्रातही कळतं. पंजा सुटायला लागला की तीन ते पाच फ्रेमचा छोटा बर्स्ट (सलग फोटो) द्या आणि थांबा. बोट दाबूनच ठेवलं तर बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण, भरतो आणि वाघ २५ मीटरवर असताना कॅमेरा गप्प होतो. शटरचा वेग सकाळच्या कमी उजेडात १/५०० सेकंद, एरवी १/१०००. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदना) ३२०० पर्यंत नेण्याची भीती बाळगू नका; दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही.

जनावर सरळ तुमच्याकडे बघत असेल तर ते मध्यभागी ठेवणंच योग्य. मान वळली की त्या बाजूला जागा सोडा. पंजांखाली किमान एका पंजाएवढी जमीन हवी. पाय कापायचेच असतील तर छातीपाशी ठामपणे कापा; घोट्यावर कापलेला पाय चूक वाटतो. पाठीमागे दुसरी जिप्सी दिसत असेल तर सीटवरच अर्धा मीटर सरका. वाघ ३० आणि ती गाडी ६० मीटरवर असेल, तर पार्श्वभूमीही अर्धा मीटर सरकते. कधी तेवढ्याने बोनेट झाकलं जातं, नेहमी नाही.

चालक गाडी मागे घेत असताना काढलेले फोटो बहुतेक हललेले निघतात. त्याला आधीच सांगून ठेवा: बरंच मागे जाऊन एकदाच थांबायचं, इंजिन बंद, वाघाला जायला बाजू मोकळी. कान मागे पडले किंवा तो थबकून गुरगुरला, तर फोटो थांबवून अंतर वाढवा. मे महिन्यात ऊन चढल्यावर तापलेल्या वाटेवरची हवा थरथरते. तेव्हा ७० मीटरवरचा फोटो कोणत्याही लेन्सने धारदार येत नाही.

गवा आणि अस्वल यांचं एक्स्पोजर वेगळं. काळ्या अंगाने चौकट भरली की कॅमेरा फोटो उजळ करतो, तेव्हा कॅमेऱ्याच्या एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनमध्ये ०.७ स्टॉपपर्यंत उणे करा. वाघाच्या डोळ्यांवरचे पांढरे ठिपके उन्हात जळतात, तिथे ०.३ उणे पुरतं. अस्वल मान खाली घालून येतं; छातीवरची पांढरी खूण ते डोकं वर करतं तेव्हाच दिसते, त्याची वाट पाहा.

सरावासाठी संध्याकाळी गावाच्या वाटेवर घरी परतणाऱ्या गाई उत्तम. गाय वाघापेक्षा थोडी उंच असते, म्हणून तीच अंतरं पाच-सहा मीटरने वाढवा आणि उचललेल्या खुरावर शटर दाबायचा सराव करा.