चाळिशीनंतर एमएमए: सातारा-सांगलीच्या पैलवानासाठी तयारीची वाट

चाळिशी ओलांडली म्हणून पैलवानाची ताकद एका वर्षात जात नाही. कमी होतो तो मेहनत पचवण्याचा वेग. विशीत संध्याकाळच्या खडाखडीचा शिणवटा सकाळपर्यंत उतरतो, चाळिशीत त्याला दोन-तीन दिवस लागतात. तालमीतली जुनी मेहनत तशीच धरून वर एमएमए, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स या मिश्र लढतीच्या खेळातले मुक्के, लाथा आणि चोक (गळा आवळण्याचे डाव) चढवले, तर दीड-दोन महिन्यांत गुडघा किंवा मान बोलायला लागते. म्हणून वेळापत्रक आखताना आधी विश्रांतीचे दिवस ठरवा आणि उरलेल्या दिवसांत मेहनत बसवा.

या वयात जिंकता येतं, याचे दाखले आहेत. रँडी कूटूरने मार्च 2007 मध्ये वयाच्या 43 व्या वर्षी टिम सिल्व्हियाला हरवून यूएफसी या अमेरिकेतल्या एमएमए संस्थेचा हेवीवेट विजेतेपदाचा पट्टा परत मिळवला. ग्लोव्हर टेशेराने ऑक्टोबर 2021 मध्ये, 42 वर्षं पूर्ण झाल्यावर दोनच दिवसांनी, यान ब्वाहोविचचा गळा आवळून लाइट हेवीवेटचा पट्टा घेतला. दोघांनीही समोरच्याला जवळ ओढून, खाली घेऊन, वरून दाबून कुस्ती केली. आपल्याकडच्या पैलवानाला हीच वाट जवळची आहे. पण दोघांच्या मागे कैक वर्षांच्या लढती होत्या, हेही ध्यानात ठेवा. नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिलं वर्ष पिंजऱ्यात, म्हणजे जाळीच्या आखाड्यातल्या एमएमए लढतीत, उतरूच नये. आधी वयोगटाच्या स्पर्धा खेळा. जागतिक कुस्ती संघटनेच्या व्हेटरन्स गटाची सुरुवात 35 व्या वर्षी होते, आणि ब्राझिलियन जिउ-जित्सू या जमिनीवरच्या पकडींच्या खेळात मास्टर्स गटाची 30 व्या वर्षी. तिथे जोड आपल्या वयाचा मिळतो आणि डोक्यावर मार बसत नाही.

आधी तपासणी

मेहनत सुरू करण्यापूर्वी हृदयासाठी ईसीजी, टू-डी इको आणि स्ट्रेस टेस्ट करा. जोडीला रक्तदाब, एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तपासणी), लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची), हेपटायटिस बी-सी आणि एचआयव्ही, शिवाय डोळ्याच्या पडद्याची तपासणी आणि मेंदूचा एमआरआय. सांगलीकरांना हे सगळं मिरजेत होतं. मान पूर्वी आखडत असेल किंवा हाताला मुंग्या येत असतील, तर मानेचा एमआरआय झाल्याशिवाय कुणाशीही धरू नका. स्पर्धेची वयोमर्यादा संयोजकांकडून लेखी घ्या. काही ठिकाणी ठरावीक वयानंतर प्रवेश मिळत नाही आणि ते ऐनवेळी कळतं.

कुस्तीच्या दोन सवयी मोडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कुस्तीत पाठ लागली की निकाल, म्हणून खाली गेलेला पैलवान पालथा होतो आणि जमीन घट्ट धरतो. ही सवय हाडात मुरलेली असते. एमएमएत पालथा होणं म्हणजे पाठ देणं. समोरचा पाठीवर बसतो, दोन्ही टाचा मांड्यांच्या आतून अडकवतो, वरून चार मुक्के मारतो, आणि मान उचलताच हनुवटीखालून हात सरकवून गळा आवळतो. मेंदूकडे जाणारं रक्त थांबलं की दहा-एक सेकंदांत शुद्ध हरपते.

सराव असा करा. जोडीदाराला बाजूने छातीवर घ्या. कूस वळवून त्याच्याकडे तोंड करा. एक कोपर त्याच्या कमरेवर टेकवा, दुसरा हात त्याच्या मानेशी आडवा ठेवा. कमर मागे सरकवून मधे गुडघा घाला. मग एक हात मागे टेकून, दुसरा चेहऱ्यासमोर धरून, टेकलेल्या हाताच्या बाजूचा पाय कमरेखालून मागे ओढून उभे राहा. 30 सेकंदांचे आठ फेरे, मधे 30 सेकंद विश्रांती. अट एकच: पालथे झालात की तो फेरा गेला. आठवड्यातून तीनदा केलं तर साधारण तीन महिन्यांत अंग आपोआप कुशीवर वळायला लागतं.

दुसरी सवय डोकं खाली घालून पट काढण्याची, म्हणजे समोरच्याचा पाय धरून त्याला पाडण्याची. मातीत ती चालून जाते. इथे मान त्याच्या बगलेत जाते आणि गिलोटिन, म्हणजे समोरून गळा आवळण्याचा डाव, बसतो. पटात जाण्याआधी सरळ मुक्का दाखवा, म्हणजे त्याचे हात वर जातील. मग कमरेतून न वाकता गुडघ्यांतून खाली बसा, नजर समोर ठेवा, कान त्याच्या बरगडीला घट्ट लावा. पाय हाती आला की जागेवर उचलत बसू नका, त्याला भिंतीकडे रेटा. मान अडकलीच तर दोन्ही हातांनी त्याचं आवळणारं मनगट खाली ओढा आणि ज्या बगलेत मान आहे, तिच्या उलट बाजूला अंग न्या. त्याच बाजूला राहिलात तर फास आणखी घट्ट होतो.

पाठ वळवून मारायचे डाव, म्हणजे धोबीपछाडसारखे, पहिल्या वर्षी बाजूला ठेवा. फसले तर पाठ आयती हातात जाते. कमरेची पकड, गर्दनखेच आणि एकेरी पट एवढ्यावर भरपूर काम होतं.

टॅप करायची, म्हणजे हाताने थोपटून हार मानायची, लाज धरू नका. हे मोठ्या वयाच्या पैलवानांना फार जड जातं, आणि दुखापती तिथेच होतात. घोटा पिळणाऱ्या हील हूकमध्ये तर दुखण्याआधीच गुडघ्याचा लिगामेंट तुटतो. सरावात तो डाव पूर्ण बंद ठेवा.

आठवडा कसा लावायचा

सोमवारी जमिनीवरचे डाव, तासभर. मंगळवारी वजनाची मेहनत, 45 मिनिटं. बुधवारी दम वाढवण्याची हलकी मेहनत. गुरुवारी मुक्के-लाथांचं तंत्र पॅडवर. शुक्रवारी सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे सुट्टीच. शनिवारी स्पारिंग (जोडीदाराशी सराव-लढत), रविवारी चढणीची मेहनत. रोज सकाळी अंथरुणातच नाडी मोजा. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त लागले, तर त्या दिवसाची मेहनत निम्मी करा.

पाचशे-हजार बैठकांचा हट्ट सोडा. त्याऐवजी वजन घेऊन पाच-पाच बैठकांचे चार सेट, डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), पुलअप आणि जोर. मानेसाठी डोक्यावर पूल करण्याऐवजी हाताचा तळवा कपाळाला, मागे आणि दोन्ही बाजूंना लावून प्रत्येकी दहा सेकंद रेटा द्या.

दमाच्या मेहनतीसाठी आधी हृदयाचा कमाल ठोका काढा: 208 मधून वयाच्या 0.7 पट वजा करा. बेचाळीस वर्षांच्या माणसाचा कमाल ठोका साधारण 179 येतो. हलक्या दिवशी त्याच्या 65 ते 75 टक्के, म्हणजे 116 ते 134 च्या आत राहा. बोलता येईल इतपतच. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याचा रस्ता किंवा यवतेश्वरचा घाट यासाठी उत्तम. पण ठोके याच मर्यादेत ठेवून चढा आणि चालत उतरा. गुडघ्याची आणि मांडीची वाट उतारावर लागते. सांगली सपाट, तिथे सायकल बरी. एप्रिल-मे मध्ये सकाळी सातच्या आत उरका.

स्पारिंग महिन्यातून दोनदाच जोरात, एरवी निम्म्या जोराने. ग्लोव्ह्ज 16 औंसांचे घ्या, दातांचं कवच डेंटिस्टकडून मापाने करून घ्या. पिंजरा नसेल तर तालमीच्या भिंतीला माणसाच्या उंचीपर्यंत मॅट लावा. पाठ भिंतीला लागलेली असताना उठणं आणि दाबून धरणं तिथेच शिकता येतं. मुक्का लागून भोवळ आली, तर किमान 30 दिवस डोक्याला स्पर्श नको, आणि डॉक्टरांनी मोकळीक दिल्याशिवाय परतायचं नाही.

मातीत हळद, ताक, तेल घालण्याची रीत आहे, मॅटवर तसं काही नसतं. मॅट रोज जंतुनाशकाने पुसा. गजकर्ण असलेल्याला वजनाच्या वेळी बाहेर काढतात.

खुराक आणि वजन

तूप-बदाम-थंडाईचा जुना खुराक दिवसभर मेहनत करणाऱ्या पोराचा. चाळिशीत तो पोटावर बसतो. प्रथिनं मात्र कमी पडू देऊ नका. वजनाच्या दर किलोला 1.6 ते 2 ग्रॅम, म्हणजे 75 किलोच्या माणसाला 120 ते 150 ग्रॅम, चार जेवणांत वाटून. एका अंड्यात सहा ग्रॅम, पाव लिटर दुधात आठ, 100 ग्रॅम पनीरमध्ये साधारण 18.

जो वजनगट रोजच्या वजनाच्या जवळ आहे, तोच निवडा. 77.1 आणि 70.3 किलो या दोन गटांमध्ये 6.8 किलोंचं अंतर आहे, ते घाम काढून तोडू नका. शेवटच्या आठवड्यात दोन किलोंपेक्षा जास्त उतरवायचं नाही. प्लास्टिकचा सूट घालून उन्हात पळणं जिवावर बेततं. आणि कुणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवलं तर हात जोडा. पूर्वी अमेरिकेत त्याला सूट मिळायची, तिथल्या नेवाडा राज्याने फेब्रुवारी 2014 मध्ये ती बंद केली. ते प्रतिबंधित औषध आहे.

लढतीचा दिवस

शेवटचं जोराचं स्पारिंग दहा-बारा दिवस आधी संपवा. हौशी लढत बहुधा तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असते. जुन्या सांध्यांना तापायला वेळ लागतो, म्हणून वॉर्मअप 25 ते 30 मिनिटं करा आणि एकदा चांगला घाम आणा. पहिल्या मिनिटात सगळा दम ओतू नका. जवळ जा, भिंतीला दाबा, त्याच्या खांद्यावर आपलं वजन टाका. फेरी संपायच्या आधी 40 सेकंद कोपऱ्यात उभ्या आपल्या माणसाने हाक द्यावी, तेव्हा खाली घ्या आणि वर राहून फेरी संपवा.

लढतीनंतर 24 तास घरचं कुणीतरी सोबत हवं. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या झाल्या, बोलणं अडखळलं, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसली किंवा माणूस उठवूनही नीट जागा होईना, तर सकाळची वाट न बघता थेट मोठ्या दवाखान्यात न्या. डोक्याला मार लागल्याचं तिथल्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा, आणि ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका.