जुना गेमिंग पीसी लगेच भंगारात काढू नका
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून लगेच नवीन पीसी घ्यायला धावू नका. आधी बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन बघा, कारण विंडोज ११ चालणार नाही असं सांगणाऱ्या बऱ्याच मशीनमध्ये टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) असतं पण बंद ठेवलेलं असतं, इंटेलवर ते पीटीटी नावाने सापडतं, एएमडीवर एफटीपीएम, ते आणि सिक्युअर बूट (पीसी सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सेटिंग) चालू केलं की बहुतेकदा काम होतं. फक्त डिस्क जुन्या एमबीआर फॉरमॅटची असेल तर आधी बॅकअप घ्या आणि जीपीटी या नव्या फॉरमॅटची करून घ्या, नाहीतर पीसी बूटच होणार नाही.

इंटेल ८ व्या जनरेशनच्या किंवा रायझन २००० च्या आधीचा प्रोसेसर असेल तर त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, म्हणून विंडोज अपडेटमधून ईएसयूला (विंडोज १० साठीच्या वाढीव सिक्युरिटी अपडेटच्या योजनेला) नोंदणी करा, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळतील. त्यानंतर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टम टाका. स्टीमच्या प्रोटॉनवर (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) सिंगल प्लेअर गेम बहुतेक छान चालतात, पण व्हॅलोरंट, फोर्टनाइट अँटी-चीटमुळे (गेममधली फसवणूक पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे) चालत नाहीत, तुम्ही तेवढंच खेळत असाल तर अपग्रेडचे पैसे बाजूला काढायला लागा. आणि अपडेट बंद झालेल्या मशीनवर नेट बँकिंग अजिबात करू नका प्लीज.